से की टेल, लुक की वॉच? आधी मराठीला विचारा

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'सी', 'लुक' आणि 'वॉच' या तिन्हींपुढे 'पाहणे' लिहिलेलं असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. खरं तर बोलताना आपण हे अर्थ वेगळे ठेवतोच. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी एवढं करून बघा.

अडलेला शब्द सुटा घेऊ नका, त्याचं घरात बोलतो तसं छोटं वाक्य करा. 'खिडकीतून डोंगर दिसतो': काही न करता दिसला, म्हणून सी. 'अरे, इकडे बघ': मुद्दाम नजर वळवली, म्हणून लुक. 'सगळे मॅच बघत बसलेत': समोर काही घडतंय आणि नजर त्यावरच आहे, म्हणून वॉच. कानाचंही तसंच. कुकरची शिट्टी ऐकू येते, ते हिअर. आईचं ऐकावं लागतं, ते लिसन.

मग शब्दाच्या शेजारी कोण बसतं ते पाहा. 'ती म्हणाली, उशीर होईल' यात कोणाला म्हणाली हे नसलं तरी चालतं; ते से. 'तिने मला सांगितलं' हे टेल, आणि टेलला बहुतेक वेळा ऐकणारा माणूस लगेच पुढे लागतो: 'शी टोल्ड मी'. 'शी सेड मी' मात्र चूक, तिथे मध्ये 'टू' हवा. लुकला 'ॲट' आणि लिसनला 'टू' असेच चिकटलेले असतात. जोडीनेच पाठ केलेले बरे.

उसनवारीत दिशा बघा. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो. पेन एकच, पण 'कॅन आय बॉरो युवर पेन?' आणि 'कॅन यू लेंड मी युवर पेन?' कर्ता बदलला की शब्दही बदलला. 'कॅन यू बॉरो मी अ पेन?' हे मीही कॉलेजात बिनधास्त म्हणायचो.

आता जिथे मराठीच पाय ओढते ती जागा: 'पासून'. 'मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय' याचं आपण हमखास 'सिन्स फाइव्ह इयर्स' करतो. नोकरीच्या अर्जांत ही चूक फार दिसते. मनात विचारा, 'कधीपासून?' की 'किती काळ?' कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर सिन्स: सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. मोजून सांगायचं असेल तर फॉर: फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स. क्रियापदही बदलतं बरं का, 'आय ॲम वर्किंग' नव्हे, 'आय हॅव बीन वर्किंग'.

एवढं करूनही शंका उरली तर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा आणि अर्थ सोडून आधी उदाहरणांची वाक्यं वाचा. कारण काही ठिकाणी मराठी वाक्य करूनही उपयोग नसतो. आपण डॉक्टरांना 'दाखवतो', इंग्रजीत मात्र पेशंटच डॉक्टरला 'सी' करतो.