एकच विंच, गाडीच्या दोन्ही टोकांना

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र, पुढे कायमची बसवली, की गाडी मागे ओढायची वेळ आल्यावर ती नेमकी चुकीच्या टोकाला असते. म्हणून विंच २ इंची रिसीव्हरमध्ये (चौकोनी नळीच्या खोबणीत) बसणाऱ्या क्रेडलवर (विंच धरणाऱ्या चौकटीवर) बोल्ट करा आणि चासीला पुढे-मागे एकेक रिसीव्हर लावा. खरं काम वायरिंगचं. बॅटरीपासून दोन्ही टोकांना केबल कायमची टाका, पॉझिटिव्हला बॅटरीजवळच ब्रेकर द्या, टोकांना झटपट जोडायचे प्लग आणि त्यांवर रबरी टोपणं. मागची केबल लांब, म्हणून ती जास्त जाड घ्या. इथे कंजुषी केली तर केबल तापते आणि विंच रडते. क्रेडल रिसीव्हरमध्ये सरकवून, पिन घालून क्लिप लावली, की झालं.

मात्र ओढ सरळ रेषेतच ठेवा. तिरक्या ओढीने रिसीव्हर पिळवटतो.