काचबिंदूचं कॅथेटरचं ऑपरेशन: घरच्यांनी काय तयारी करायची

मी डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये थिएटर सिस्टर आहे. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतानाही बहुतेक वेळा मीच असते. "काल दिसत होतं तेवढंही आज दिसेना" म्हणून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत. कशामुळे असं होतं हे आधी समजलं असतं, तर त्यांची ती रात्र इतकी वाईट गेली नसती.

डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून गाळून एका गोल नळीत उतरतं. तिला श्लेमचा कालवा म्हणतात. पूर्ण वेढा साधारण 36 मिलिमीटरचा. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि डोळ्याची नस सुकत जाते. सुकलेली नस परत येत नाही, हे ऑपरेशन उरलेली नजर राखण्यासाठी असतं.

डॉक्टर बाजूने बारीक छेद घेतात, आरशाच्या भिंगातून ही जाळी असते तो डोळ्यातला कोपरा बघतात, जाळीला छोटी चीर देतात आणि तिथून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, कालव्यात सरकवतात. टोक पाव मिलिमीटर जाड, त्यावर लाल दिवा लुकलुकत असतो. उजेड कमी केला की तो लाल ठिपका डोळ्याभोवती फिरताना बाहेरून दिसतो. मी मागे उभी राहून कॅथेटरमधून जेल सोडायची कळ एकेक टिक फिरवते. वेढा पूर्ण झाला की कॅथेटर ओढून घेतात आणि जाळी आतून गोल उघडते. अमेरिकेतल्या डॅलसच्या ग्रोव्हर आणि फेलमन या डॉक्टरांनी 2014 मध्ये ही पद्धत मांडली, तिला 'गॅट' म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत, कॅनालोप्लास्टीत, जाळी अशी गोल न उघडता कालवा जेलने फुगवतात. तुमचं कोणतं ते विचारून घ्या. कॅथेटर एकदाच वापरायचं असल्यामुळे महाग पडतं, म्हणून कित्येक ठिकाणी टोक बोथट केलेला प्रोलिनचा, म्हणजे टाके घालायचा, धागा वापरतात. तेही चांगलं काम आहे, कमीपणा मानू नका. कधी कॅथेटर अर्ध्यात अडकतं, मग दुसऱ्या बाजूने घालून बघतात किंवा तेवढ्यावर थांबतात.

आधी डॉक्टरांना विचारा: कोपरा उघडा आहे का? दाब किती खाली आणायचा आहे? नस फारच सुकलेली असेल आणि दाब अगदी कमी हवा असेल, तर ट्रॅबेक्युलेक्टोमी, म्हणजे पाणी बाहेर जायला नवी वाट करून द्यायचं ऑपरेशन, बरी पडू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, जी असेल तिची पट्टीच घेऊन या. स्टेंट बसवलेल्या माणसाने आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

आता रक्ताचं. जाळी उघडली की कालव्यामागच्या शिरांमधून थोडं रक्त उलटं डोळ्यात येतं. दुसऱ्या दिवशी अंधुक, लालसर दिसतं ते त्यामुळे. बहुतेकांचं आठवड्याभरात निवळतं. वाकलं, कुंथलं, जोर लावला की शिरांमधला दाब वाढतो आणि रक्त पुन्हा उतरू शकतं. पुढचं सगळं पथ्य एवढ्या एका कारणासाठी आहे. उशाला दोन-तीन उशा द्या, झोपताना डोकं उंच राहिलं पाहिजे. झाडणं, म्हशीची धार काढणं, घागर उचलणं, सूर्यनमस्कार, सगळं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. नमाज खुर्चीवर बसून पढा. बद्धकोष्ठ असेल तर आधीपासून इसबगोल सुरू करा. डोकं मागे करून केस धुवा, पाणी डोळ्यात जाता कामा नये. झोपताना डोळ्यावर शील्ड, म्हणजे डोळा झाकायचं कडक झाकण, लावा.

ड्रॉप टाकताना खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुसरा ड्रॉप पाच मिनिटांनी. ऑपरेशननंतर दिलेल्या स्टिरॉइडच्या ड्रॉपने काहींचा डोळ्याचा दाब चढतो आणि दर वेळी दुखतंच असं नाही, म्हणून तपासणीची तारीख चुकवायची नाही. "बरं वाटतंय, एवढ्या लांब एसटीने कशाला जायचं" असं म्हणणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जुने काचबिंदूचे ड्रॉप या डोळ्याला चालू ठेवायचे की बंद, ते कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या डोळ्याचे मात्र परस्पर थांबवू नका.

डोळा जोरात ठणकला, डोकं दुखून उलटी झाली, निवळत आलेली नजर पुन्हा एकदम गेली किंवा पू आला, तर सकाळपर्यंत थांबू नका. रात्रीचा नंबर डिस्चार्ज कार्डावरून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आणि पेशंटच्या सख्ख्या भावंडांना, चाळिशीच्या पुढच्यांना तर नक्कीच, पुढच्या तपासणीला सोबत आणा. काचबिंदू घराण्यात असतो. त्यांचाही दाब आणि नस त्याच दिवशी बघून होईल.