विषयाचा नकाशा कसा काढावा

पांझरा नदी साक्री तालुक्यातून निघून धुळ्यापर्यंत पूर्वेकडे वाहते, तेथून पुढे उत्तरेकडे वळते आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या तापीला मिळते. हे वाक्य नीट समजण्यासाठी दोनदा वाचावे लागते. नकाशावर मात्र ते पाहताक्षणी कळते. अभ्यासाची टिपणे वहीत एकामागून एक लिहिली की त्यांची यादी होते. काय काय जमवले ते यादीतून समजते. पण कोणती गोष्ट कोणाच्या शेजारी आहे आणि कोठून कोठे जाता येते, हे समजण्यासाठी विषयाचा नकाशा काढावा लागतो.

उदाहरण म्हणून पांझरेच्या खोऱ्यातील फड सिंचन घेऊ, म्हणजे नदीवरील बंधाऱ्याचे पाणी पाटाने ‘फड’ नावाच्या शेतजमिनीच्या पट्ट्यांना वाटून देण्याची पद्धत. प्रथम मोठ्या कागदाच्या माथ्यावर एकच प्रश्न लिहावा, कारण हेतूवाचून नकाशा नसतो. एकाच गावाच्या गाव नकाशात गटांच्या हद्दी असतात, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात, जेथे एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, त्या हद्दी नसतात आणि चढउतार, ओढे व रस्ते असतात. दोन्ही नकाशे बरोबर आहेत, कारण दोन्हींनी काय वगळायचे ते आधी ठरवले आहे. आपला प्रश्न ‘पाणी अपुरे असताना वाटप कसे होत असे?’ असा असेल, तर बंधाऱ्याच्या दगडी बांधकामाचे तपशील कितीही आवडीचे असले तरी कागदाच्या कडेला जातील.

मग नदी काढावी, म्हणजे विषयाचा मुख्य प्रवाह: बंधारा, पाट, चाऱ्या, फड. उरलेली टिपणे लहान चिठ्ठ्यांवर उतरवून या प्रवाहाभोवती मांडावीत आणि हवी तितक्या वेळा हलवावीत. ही हलवाहलव घाईने उरकू नये, खरा अभ्यास तेथेच होतो. माझ्या वहीत ‘एका फडात एका हंगामात एकच पीक’, ‘पाणी कमी असल्यास मोजकेच फड भिजवणे’ आणि ‘शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली’ ही टिपणे तीन निरनिराळ्या पानांवर होती. चिठ्ठ्या शेजारी आल्यावर पहिल्यांदा ध्यानात आले की फड कोरडा राहिला तरी तुटवड्याचा भार एकाच घरावर न पडता अनेकांत वाटला जातो. माहिती जुनीच होती, तिला फक्त जागा मिळाली.

दोन चिठ्ठ्या रेषेने जोडताना रेषेवर क्रियापद लिहावे: पाटकरी पाणी ‘सोडतो’, बंधारा प्रवाह ‘वळवतो’. क्रियापद सुचत नसेल तर ती रेषा पुसावी.

खुणा चार-पाच पुरेत. वाचलेल्या गोष्टीला सलग रेषा, ऐकलेल्या गोष्टीला तुटक रेषा, स्वतः पाहिलेल्या गोष्टीला निळी शाई, आणि खुणांचा अर्थ कोपऱ्यात लिहिलेला. माहिती नसलेली जागा कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये. एका भागात गर्दी झाली तर अक्षर बारीक न करता त्या भागाचा मोठ्या प्रमाणाचा स्वतंत्र कागद करावा आणि मूळ कागदावर त्याचा क्रमांक टाकावा.

नावांबाबत आपल्या प्रदेशात विशेष काळजी हवी. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. म्हणून जुन्या कागदातील ‘खानदेश’, नंतरच्या नोंदीतील ‘पश्चिम खानदेश’ आणि आजचे ‘धुळे’ यांच्या तीन चिठ्ठ्या करू नयेत. चालू नावाखाली जुनी नावे वर्षासह लिहावीत.

शेवटी तारीख टाकून तो कागद गावी न्यावा, पाटाचे पाणी वापरलेल्या एखाद्या वयस्क शेतकऱ्यापुढे पसरावा आणि लाल पेन्सिल त्यांच्या हाती द्यावी.