पीएच.डी. झाली, आता पुढचा हिशेब कसा मांडायचा

प्रबंध सबमिट झालाय आणि व्हायवाची, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेची तारीख अजून लागायची आहे, अशा मधल्या दिवसांत बरीच मुलंमुली माझ्याकडे बोलायला येतात. मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केली, द्राक्षावरच्या केवड्यावर, म्हणजे आमचे बागायतदार ज्याला डावणी म्हणतात त्या रोगावर. आज पिंपळगाव बसवंतला माती, पाणी आणि द्राक्षपानांच्या देठांच्या परीक्षणाची प्रयोगशाळा सांभाळते. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: प्राध्यापक झालो नाही, तर एवढी वर्षं फुकट गेली का? नाही गेली. पण मी म्हटलं म्हणून ते पटत नाही. स्वतःला पटायचं तर काही कामं करावी लागतात, आणि ती ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने सांगते.

आधी कागद. कोर्सवर्कचं प्रमाणपत्र, सहामाही प्रगती अहवाल, व्हायवानंतरचं नोटिफिकेशन, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि सीएचबीवर, म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं असेल तर प्रत्येक सत्राचं अनुभवपत्र, हे सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. प्रयोगाच्या वह्या, फोटो, मूळ नोंदी यांतलं काय तुम्ही घेऊन जाऊ शकता आणि काय विभागातच राहणार, ते गाईडना विचारून घ्या. अजून न छापलेल्या पेपरांवर कोणाचं नाव कितव्या क्रमांकावर येणार, ते आत्ताच ठरवा आणि ई-मेलवर लिहून ठेवा. लॅबमध्ये रोज भेट होते तोवर हे पाच मिनिटांत मिटतं. एकदा लांब गेलात की त्याच गोष्टीवरून मनं दुखावतात.

मग पैसे. पीएच.डी. करताना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीत जेआरएफला (कनिष्ठ) २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. ही सवय एकदम तुटते. म्हणून महिन्याचा आकडा कागदावर मांडा: भाडं, हप्ता, आईवडिलांची औषधं, गाडीचं पेट्रोल, सगळं. हा आकडा समोर नसेल तर पहिली आलेली नोकरी भीतीपोटी घेतली जाते, किंवा चांगली नोकरी नुसत्या मानापायी नाकारली जाते. दोन्ही मी जवळून पाहिलंय.

आता ज्या मुद्द्यावर सगळे अडतात, तो. परमनंट, म्हणजे प्राध्यापकाची कायमची नोकरी.

१ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा किमान अट झाली आणि पीएच.डी. ऐच्छिक. त्यामुळे शिकवायचंच असेल आणि सेट झालेली नसेल, तर प्रबंधाचा थकवा जायची वाट बघू नका, परीक्षेचा फॉर्म भरा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट आपलंच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. आणि त्याच दिवशी एक तारीख लिहून ठेवा: या तारखेपर्यंत मी परमनंटसाठी प्रयत्न करेन, त्यानंतर दुसऱ्या कामाकडे पूर्ण मनाने वळेन. मी दोन शैक्षणिक वर्षं सुचवते. सीएचबी दर वर्षी नव्याने सुरू होते. पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, तासांवर मानधन आणि सुट्टीत काहीच नाही. आपल्या कॉलेजांमधले कितीतरी विभाग याच लोकांच्या जिवावर चालतात. ते जीव तोडून शिकवतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तारीख हवी. तारीख नसेल तर ‘यंदा नाही, पुढच्या जूनला नक्की’ यातच दहा वर्षं निघून जातात, आणि त्या दहा वर्षांत चांगलं शिकवलं त्याचा आनंदसुद्धा माणसाला घेता येत नाही.

तारीख लिहिलीत की पुढचं काम करा. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं हेच. आपला प्रबंध एका पानात मराठीत लिहा, आणि तो उद्या ज्याच्या कामी येईल अशा माणसाला वाचायला द्या. गाईडना नको, मित्रालाही नको.

मी ते पान दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदार काकांना दिलं होतं. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, मध्येच पाऊस होऊन गेलेला. काकांनी पान उलटं धरून मला दाखवलं. वरून तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी लव. मग माझा कागद वाचला आणि विचारलं, ‘ताई, पान किती तास ओलं राहिलं की धोका, ते यात आहे. पण रात्री ते मी बघू कसं?’ तापमान आणि पानाचा ओलेपणा यांचा सगळा तक्ता माझ्या चौथ्या प्रकरणात होता. केवडा आणणारा बुरशीसारखा जीव पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात पोहत पर्णरंध्रापर्यंत जातो, म्हणून तास महत्त्वाचे. परीक्षकांनी त्या तक्त्याची संख्याशास्त्रीय पद्धत तपासली होती, आणि ते योग्यच होतं. पण रात्री पान बघायचं कसं, हे मला पहिल्यांदा काकांनी विचारलं. त्यावर आम्ही बांधावर उभं राहून तासभर बोललो: पाऊस थांबला कधी, दव कधीपासून पडतं, बागेचा कोणता कोपरा उशिरा वाळतो. कुठली फवारणी लगेच हवी आणि कुठली टाळता येईल, हे काकांनी त्यावरून ठरवलं. टळलेल्या फवारणीची किंमत निर्यातदाराला विचारा. फवारलेल्या रसायनाचा अंश फळात सापडला की माल अडकतो: २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तो हंगाम नाशिक जिल्ह्यात अजून कोणी विसरलेलं नाही.

मी यशाची मोजणी त्या बांधावर बदलली. माझ्या नावापुढे कोणतं पद लागेल, याऐवजी मला जे येतं ते कोण विचारायला येतं आणि विचारून गेल्यावर त्याचं काय होतं, हे मी मोजायला लागले. तुमचा विषय द्राक्ष नसेल. मराठी साहित्य असेल, अर्थशास्त्र असेल, गणित असेल. साहित्यवाल्याने ते पान शाळेतल्या मराठीच्या बाईंना द्यावं, अर्थशास्त्रवालीने लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला. काय प्रश्न येतात ते लिहून ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना वेळेचं भान राहिलं नाही, त्याच्या आसपास तुमचं काम असण्याची शक्यता मोठी. आणि कोणीच काही विचारलं नाही, तर दुसरा वाचक शोधा. एका माणसाच्या गप्प बसण्यावरून निकाल लावू नका.

घरी सांगताना ‘बघू’, ‘चाललंय’ असं बोलू नका. त्याने घरच्यांची काळजी दुप्पट होते. काम काय, कुठे, महिन्याला किती, घरी किती वाजता येणार, एवढं सांगा. माझ्या आईला ‘रिसर्च’ या शब्दात काहीच दिसत नव्हतं. शेतकरी देठांची पाकिटं घेऊन रांगेत उभे राहतात आणि त्यांना रिपोर्ट समजावून सांगायला तिची मुलगी बसते, हे तिने एकदा येऊन पाहिलं. आता आत्याने ‘परमनंट कधी?’ विचारलं की तीच उत्तर देते. गाईडनाही निर्णय स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. त्यांचं शिफारसपत्र अजून बरीच वर्षं लागणार आहे.

शेवटचं काम म्हणजे, जे काम करावंसं वाटतंय ते करणाऱ्या माणसाबरोबर एक अख्खा दिवस काढा. सातपूर-अंबडच्या कारखान्यातली गुणवत्ता तपासणी असो, मुक्त विद्यापीठासाठी अभ्याससाहित्य लिहिणं असो किंवा एखाद्या ज्युनिअर कॉलेजची स्टाफरूम. सकाळी त्याच्याबरोबर आत जा, संध्याकाळी त्याच्याबरोबरच बाहेर पडा, आणि कंटाळवाणा भाग कोणता ते मुद्दाम विचारा. तो कंटाळा आपल्याला पेलेल का, हे तिथेच कळतं. प्रयोगशाळेचं काम बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये या. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की नमुन्यांची रीघ लागते, मग कोणाशी धड बोलणं होत नाही. येताना ते एक पान बरोबर आणा.