पेशीपटलाचा प्रश्न सोडवताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या पेपरात पेशीपटलावर प्रश्न येतोच, आणि सोपा वाटणारा हा प्रश्न बऱ्याच जणांचे गुण खातो. पाठांतर कमी पडतं म्हणून नव्हे. पटल म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीसारखं निर्जीव आवरण, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं म्हणून.

आकृतीतच ते दिसतं. पटल ज्या मेदरेणूंच्या दोन थरांचं बनतं, त्या फॉस्फोलिपिडच्या शेपट्या बाहेरच्या बाजूला काढलेल्या असतात. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी. मग जलविरोधी शेपट्या मधे एकमेकींसमोर आणि जलस्नेही डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना, एवढा विचार केला तर आकृती चुकत नाही. कर्बोदकांच्या साखळ्या फक्त पेशीच्या बाहेरच्या अंगाला दाखवा. प्रथिनं काही आरपार, काही नुसती कडेला चिकटलेली.

सिंगर आणि निकल्सन यांचं १९७२चं तरल मोझेइक प्रारूप (पटल म्हणजे सरकत्या लिपिडात जडवलेली प्रथिनं) सगळे लिहितात, पण 'तरल' का, ते कुणी लिहीत नाही. फ्राय आणि एडिडिन यांनी १९७०मध्ये उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जुळवली, तेव्हा ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत दोघांची पटलावरची प्रथिनं एकमेकांत मिसळून गेली. ही एक ओळ उत्तराला वजन आणते. मात्र लिपिडचे रेणू आपल्याच थरात सरकतात. एका थरातून दुसऱ्या थरात आपणहून क्वचितच उलटतात.

सर्वांत जास्त गोंधळ परासरणाचा, म्हणजे पटलातून पाणी आपोआप जाण्याचा. 'पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं' असं लिहिलं की तपासणारा विचारणार, संहती कशाची? सरळ लिहा: द्राव्य (विरघळलेला पदार्थ) कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे पाणी जातं. अवपरासारी (पेशीपेक्षा द्राव्य कमी असलेलं), अतिपरासारी (जास्त असलेलं) ही विशेषणं बाहेरच्या द्रावणाला लावा, पेशीला नाही. साध्या पाण्यात तांबडी रक्तपेशी फुटते. वनस्पतीची पेशी फुगते पण फुटत नाही, कारण तिला पटलाबाहेर कडक पेशीभित्तिका आहे.

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचं प्रात्यक्षिक फसतं ते बहुधा घाईमुळे. साल पानाच्या खालच्या, जांभळ्या बाजूची काढा, आणि अगदी पातळ. जाड सोललीत तर थरावर थर दिसतात, बाकी काही नाही. मीठपाण्यात घातल्यावर दोन-चार मिनिटं थांबा. जांभळा भाग कडांपासून सुटून आत गोळा होताना दिसेल. तोच रससंकोच. रंग असतो रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतल्या, रसाला. पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं, ते शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, म्हणून 'पटल पाहिले' असं निरीक्षणात लिहू नका. नंतर साध्या पाण्यात घालूनही पेशी पूर्ववत होत नसेल, तर मीठ फार झालं किंवा फार वेळ राहिलं आणि पेशी मेली. उकळलेल्या सालीत रससंकोच होतच नाही, कारण पटल निकामी झालेलं असतं. तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न: भित्तिका आणि आक्रसलेला भाग यांच्यामधल्या जागेत काय असतं? 'हवा' किंवा 'पोकळी' म्हणू नका. तिथे बाहेरचं मीठपाणीच असतं, कारण भित्तिका ते अडवत नाही. निवड करतं ते पटल.

प्रथिनाची मदत घेतली की ऊर्जा लागते, हाही एक गैरसमज. सुलभ विसरणात (पदार्थ प्रथिनाच्या वाटेनं जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो तेव्हा) प्रथिन असतं, पण एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च होत नाही. पाण्याची सुद्धा ॲक्वापोरिन नावाची स्वतंत्र वाट आहे. तिच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३चं नोबेल मिळालं. सोडियम-पोटॅशियम पंप मात्र एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. हे आकडे उलटे झाले की गुण गेले.

आता ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते साखर-मिठाचं द्रावण. त्यातली साखर ताकदीसाठी किंवा चवीसाठी असते असं घरोघरी मानतात. खरं काम वेगळं आहे: आतड्याच्या पेशींच्या पटलावरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज बरोबरीनेच आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणूनच पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवायचं. 'जरा घट्ट केलं तर लवकर गुण येईल' म्हणून पाणी कमी घातलं, तर द्रावण अतिपरासारी होऊन शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात.