बोंबलाच्या जनुकीय अभ्यासासाठी नमुने कसे घ्यावेत

बोंबील गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुबलक आणि थेट पलीकडे ओडिशा-बंगालकडेही. मधल्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र फारच कमी. हे दोन साठे (आपापसातच प्रजनन करणारे माशांचे गट) वेगळे झालेत का, ते तपासायला दोन्हीकडचे ताजे मासे हवेत.

मासा डोल जाळ्याचाच घ्या. ते एका जागी रोवलेलं असतं, त्यामुळे पकडीची जागा पक्की कळते. बाजारातला मासा कुठला, हे खात्रीने सांगता येत नाही. दर ठिकाणी ३० ते ५० मासे घ्या, पण सगळे एकाच जाळ्यातले नकोत. एकाच थव्यामुळे निकाल फसवा येतो.

पराचा (फिनचा) किंवा स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा; द्रव तुकड्याच्या दसपट हवा. बोंबलाच्या मांसात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, ते इथेनॉल पातळ करतं आणि डीएनए तुटतो. म्हणून २४ तासांनी इथेनॉल बदलाच. इथे आळस केला की सगळी मेहनत वाया. फॉर्मॅलिन तर अजिबात नको. प्रत्येक माशानंतर कात्री ब्लीचने पुसून धुवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाका, कारण इथेनॉलमध्ये पेनची शाई उतरते.

फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएवर थांबू नका, तो आईकडूनच येतो. सोबत मायक्रोसॅटेलाइट (डीएनएचे परत परत येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (डीएनएतल्या एकाच अक्षराचे फरक) तपासा. समुद्री माशांत एफएसटी (दोन गटांतला जनुकीय फरक मोजणारा आकडा; शून्य म्हणजे फरक नाही) बहुधा शून्याजवळच येतो. पिढीमागे थोडे मासे इकडून तिकडे गेले तरी फरक पुसला जातो, म्हणून तेवढ्यावरून साठा एकच मानून मासेमारीचे नियम ठरवू नयेत.