टूरिंग कारला शिसं चिकटवायच्या आधी बॅटरी सरकवून बघा

आरसी (रिमोटवर पळणारी छोटी) टूरिंग कार डावीकडं झकास वळते नी उजवीकडं बाहेर फेकते, असं झालं की आपल्याकडची पोरं टायर बदलतात नाहीतर रिमोटवरची स्टिअरिंग ट्रिम फिरवत बसतात. आधी वजन बघा की.

गाडी पळवतो तशीच पाहिजे, बॅटरी, बॉडी सगळं लावून. किचनमधले १ ग्रॅम दाखवणारे चार सारखे डिजिटल काटे सपाट कडाप्प्यावर ठेवा, एकच वस्तू चारींवर ठेवून आकडा जुळतो का बघा, मग एकेका काट्यावर एकेक चाक, नी गाडी वरनं हलकं दाबून सोडायची म्हणजे सस्पेन्शन बसतं.

पहिल्यांदा फक्त डावं-उजवं. समजा डावीकडं पुढं-मागं मिळून ७१० नी उजवीकडं ६९० ग्रॅम. लगेच वजनाला शिसं चिकटवू नका! टामियाच्या टीटी-०२ सारख्या गाडीत एका अंगाला बॅटरी नी दुसऱ्या अंगाला मोटर असती, म्हणून लायपो (लिथियम बॅटरी) बदलली तरी हा हिशोब बिघडतो. ३०० ग्रॅमची बॅटरी ५ मिमी आत घेतली तर जवळजवळ ९ ग्रॅम पलीकडं जातात, म्हणजे फरक १८ नं कमी, फुकटात. जागाच नसली तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा डबा), रिसीव्हर हलवा. तरी उरलं तर टायरवाल्याकडची ५ ग्रॅमची चिकटपट्टीची वजनं घ्या, पण चॅसिस चाकांपेक्षा अरुंद असती, त्यामुळं २० ग्रॅमचा फरक काढायला काठावर लावूनसुद्धा ३५ ग्रॅमच्या आसपास लागतात. लावायची तळालाच, वर कुठं नको, वळणावर गाडी कलंडती.

आता कर्णाचं वजन, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांवरचं, इथंच सगळे फसतात. डावं-उजवं ७००-७०० झालं पण डावं पुढचं ३४०, उजवं पुढचं ३६० नी मागं बरोबर उलटं, तर हा वजनाचा दोष नव्हे, गाडीत पीळ हाय. हलक्या कोपऱ्यात शिसं ठोकलं तर डावं-उजवं परत बिघडणार. अँटीरोल बारच्या (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणाऱ्या तारेच्या) लिंक सोडा, चारी शॉकची लांबी मोजा, वरच्या डेकचे (चॅसिसवरच्या दुसऱ्या पट्टीचे) स्क्रू ढिले करून गाडी सपाट फरशीवर ठेवूनच परत आवळा. बऱ्याचदा एवढ्यातच काम होतं. नाही झालं तर हलक्या कोपऱ्याची स्प्रिंग कॉलर (शॉकवरची स्प्रिंग दाबणारी चकती) अर्धा फेरा आवळा, त्याच्यासमोरच्या तिरक्या कोपऱ्यावर पण वजन वाढतं, डाव्या-उजव्याची बेरीज मात्र हलत नाही. मग राइड हाइट (चॅसिसची जमिनीपासूनची उंची) एकदा तपासा, नी बारच्या लिंक लावताना काट्याचे आकडे बदलले तर लिंकची लांबी कमीजास्त करा.

पुढं-मागं किती, ते ट्रॅकवर ठरवा. कार्पेटवर पुढं थोडं जास्त चालतं, स्टिअरिंग मिळतं. पण बेळगाव-खानापूरकडं सिमेंटच्या कोर्टवर तांबडी धूळ बसलेली असती, तिथं मागचं ग्रिप जातं, तर बॅटरी मागं सरकवायची नी लगेच परत काट्यावर घ्यायची.